थर्मल कॅमेरा आणि टाँग टेस्टर: पॅनेलमधले हॉटस्पॉट शोधायची पद्धत, पहिल्यापासून

कंपनीत थर्मोग्राफी (थर्मल कॅमेऱ्याने पॅनेलची तपासणी) झाली की काही दिवसांनी जाडजूड रिपोर्ट येतो, पानापानावर लाल-पिवळे फोटो, प्रत्येक फोटोखाली "कनेक्शन टाईट करा", आणि बऱ्याच रिपोर्टमध्ये फोटो काढला त्या वेळी त्या फीडरवर (पॅनेलमधून एका लोडकडे जाणारी लाईन) किती अँपिअर होते हेच लिहिलेलं नसतं. अशा रिपोर्टवरून मेंटेनन्सवाल्याने नक्की काय ठरवायचं? २० टक्के लोडवर ५५ डिग्री दाखवणारा लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टर्मिनल) आणि फुल लोडवर ५५ डिग्री दाखवणारा लग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिला उद्या जळू शकतो आणि दुसरा कदाचित एकदम ठणठणीत आहे. म्हणून या लेखात कॅमेऱ्याइतकंच टाँग टेस्टरबद्दल (तार न सोडवता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर) लिहिलंय. हे लिहिताना डोळ्यासमोर आहे ती आपल्याकडची एमआयडीसीतली मध्यम कंपनी, २२ केव्हीचं कनेक्शन, एक-दोन ट्रान्सफॉर्मर, पीसीसी (मुख्य पॉवर पॅनेल), एमसीसी (मोटरींचं पॅनेल), एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटरचं), डीजी (डिझेल जनरेटर). हॉस्पिटल किंवा मोठ्या सोसायटीलाही पद्धत हीच.

आधी कॅमेरा काय बघतो ते

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरण बाहेर टाकते, आपल्या कामातले कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातले किरण पकडतात आणि त्यावरून हिशोब करून तापमान दाखवतात. म्हणजे कॅमेरा तापमान थेट मोजत नाही, तो पृष्ठभागावरून आलेले किरण मोजतो आणि बाकीचं गणित आपण भरलेल्या आकड्यांवर चालतं. यातून दोन गोष्टी निघतात. एक, त्याला फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो, एमसीसीबीच्या (बंद बॉडीच्या ब्रेकरच्या) आत कॉन्टॅक्ट तापलाय तर बाहेरच्या बॉडीवर त्याचा थोडाच अंश दिसणार. दुसरं, समोर ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट किंवा काच असेल तर पलीकडचं काहीच दिसत नाही, दिसतं ते त्या ॲक्रिलिकचंच तापमान. पॅनेलमध्ये पारदर्शक श्राऊड (हात लागू नये म्हणून झाकण) लावलेली असते आणि त्याच्यावरून फोटो काढून "सगळं ओके" लिहिलं जातं, ते अजिबात धरू नका.

आता एमिसिव्हिटी. हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. वस्तू किती चांगल्या प्रकारे किरण बाहेर टाकते ते ० ते १ मध्ये सांगतात. पीव्हीसी इन्सुलेशन, पेंट, काळी इन्सुलेशन टेप यांची ०.९ ते ०.९५ च्या आसपास, म्हणजे कॅमेऱ्याला आवडणारी. पण चकचकीत तांबं किंवा ॲल्युमिनियमची ०.१ पेक्षाही कमी असू शकते, ते स्वतःचे किरण कमी टाकतात आणि आजूबाजूचे परावर्तित करतात. समजा उघडा चकचकीत बसबार (करंट वाहणारी धातूची पट्टी) खरोखर ९० डिग्रीला आहे, एमिसिव्हिटी ०.१ आहे, आणि कॅमेऱ्यात सेटिंग ०.९५ ठेवलंय, भोवतालचं तापमान ३५. कॅमेरा दाखवेल फक्त ४२ च्या आसपास! हात लावला तर भाजेल असा बसबार स्क्रीनवर गार निळा दिसतो.

काही जण म्हणतात मग सेटिंगमध्ये ०.१ भरू. नको. एवढ्या कमी एमिसिव्हिटीला आकडा जरासा चुकला तरी उत्तर कुठच्या कुठे जातं. त्यापेक्षा बसबारला सोडा आणि त्याच्या शेजारचं बघा, लगवरची हीट श्रिंक स्लीव्ह, केबलचं इन्सुलेशन सुरू होतं ती पहिली एक-दोन इंचाची जागा, बोल्ट आणि वॉशरच्या मधली खाच, काळवंडलेला भाग. किंवा शटडाऊन मिळालं की महत्त्वाच्या जॉइंटवर काळ्या मॅट हीट रेझिस्टंट पेंटचा एक ठिपका द्या, तिन्ही फेजला सारख्याच ठिकाणी, म्हणजे पुढच्या प्रत्येक स्कॅनला तोच ठिपका बघायचा. ठिपक्याचं काम बंद पॅनेलवर, सप्लाय नाही हे टेस्ट करून, अर्थिंग करून मगच.

कोणता कॅमेरा पुरतो

मोबाईलला लावायचा छोटा कॅमेरा वीस-पंचवीस हजारांपासून मिळतो, चांगला ३२० बाय २४० पिक्सेलवाला लाखांत जातो. रोज डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) आणि एमसीसीचे फीडर बघायला छोटा चालतो, जवळून बघायचं असतं. पण यार्डातल्या (ट्रान्सफॉर्मरच्या उघड्या आवारातल्या) क्लॅम्पवर तो वापरू नका. कारण असं: ३२० पिक्सेल आणि २४ डिग्रीची लेन्स असेल तर १ मीटरवरून एक पिक्सेल साधारण १.३ मिलिमीटरची जागा बघतो, तापमान खरं यायला निदान तीन बाय तीन पिक्सेल त्या वस्तूवर भरायला हवेत, म्हणजे १ मीटरवरून ४ मिलिमीटरची वस्तू. ५ मीटरवर गेलात की तेच २० मिलिमीटर होतं. ८० किंवा १६० पिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच हिशोबाने अजून वाईट. वस्तू त्यापेक्षा छोटी असेल तर तिचं तापमान आणि मागच्या थंड आकाशाचं तापमान मिसळून येतं आणि हॉटस्पॉट दडपला जातो. विकत घेताना किंवा बाहेरची एजन्सी बोलावताना पहिला प्रश्न हाच विचारा.

फोटो रेडिओमेट्रिक हवा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं तापमान फाईलमध्ये साठवलेलं. मग एमिसिव्हिटी नंतर ऑफिसात बसून बदलता येते. फोकस, तापमानाची रेंज आणि अंतर या तीन गोष्टी मात्र नंतर बदलता येत नाहीत, त्या जागेवरच नीट घ्याव्या लागतात. फोकस जरा आऊट असला तर हॉटस्पॉटचं तापमान खरंच कमी येतं, फोटो दिसायला वाईट एवढाच तोटा नाही.

दिवस आणि वेळ कशी ठरवायची

पुण्याकडे गुरुवारी बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते. तिथे सगळ्यात सोपं वेळापत्रक म्हणजे बुधवारी लोडवर स्कॅन, गुरुवारी बंद करून दुरुस्ती, शुक्रवारी पुन्हा त्याच लोडवर स्कॅन. एका आठवड्यात काम संपतं आणि रिपोर्टची वाट बघत बसायला लागत नाही. वार्षिक स्कॅन असेल तर दिवाळीच्या शटडाऊनच्या तीन-चार आठवडे आधी करा, कारण स्कॅनमध्ये निघालेले लग, बायमेटॅलिक लग (तांबं आणि ॲल्युमिनियम जोडणारे), एखादा एमसीसीबी हे मागवायला वेळ लागतो. शटडाऊन झाल्यावर स्कॅन करून काय उपयोग, पुढचं शटडाऊन वर्षाने.

लोड किमान ४० टक्के हवा हे सगळीकडे मानतात, ते नेहमीच्या जास्तीत जास्त लोडच्या ४० टक्के, आणि तो लोड स्थिर होऊन तासभर तरी झालेला हवा. शिफ्ट सुरू झाल्याबरोबर जाऊ नका, चहाच्या सुट्टीनंतर लगेच जाऊ नका. कॉम्प्रेसर, फर्नेस, मोल्डिंग मशीन अशी येता-जाता लोड घेणारी मशिनं असतील तर प्रॉडक्शनवाल्यांशी आधी बोलून ती चालू ठेवायला सांगा. स्टँडबाय फीडरवर लोड नसतो म्हणून तो गार दिसतो, तो "ठीक" नाही, रिपोर्टमध्ये "लोड नव्हता, बघितलं नाही" असंच लिहायचं. डीजीचं चेंजओव्हर पॅनेल तर नेहमी राहूनच जातं, डीजीवर लोड घ्यायच्या दिवशी आठवणीने कॅमेरा घेऊन जा.

यार्ड बघायचा असेल तर सूर्य मावळून दोनेक तास झाल्यावर. दिवसा ऊन पडलेला प्रत्येक क्लॅम्प तापलेला दिसतो. वारा असेल तर जॉइंट गार होतो, झाडाच्या फांद्या हलतायत असा वारा असला की तापमानवाढ अर्ध्यावर येऊ शकते, त्या दिवशी "काही सापडलं नाही" म्हणणं धोक्याचं.

दार उघडायच्या आधी

चालू पॅनेलचं दार उघडणं हे या कामातलं सगळ्यात धोक्याचं पाऊल आहे आणि इथे घाई नको. दोन माणसं हवीत, एक लायसन्सवाला वायरमन किंवा सुपरवायझर जो दार उघडेल, कव्हर काढेल, करंट मोजेल, आणि दुसरा कॅमेरावाला ज्याने पॅनेलला हात लावायचाच नाही. स्क्रीनकडे बघत बघत माणूस नकळत पुढे सरकतो, म्हणून दुसऱ्याचं लक्ष त्याच्यावर हवं. परमिट काढलेलं हवं. आर्क फ्लॅशसाठीचे (शॉर्ट होऊन उडणाऱ्या भडक्यापासून वाचवणारे) कपडे आणि फेस शील्ड, रबर मॅट, इन्सुलेटेड ग्लोव्हज. नायलॉन-टेरिकॉटचा शर्ट नको, आर्क झाला तर तो वितळून अंगाला चिकटतो. अंगठी, कडं, गळ्यातलं आयकार्ड काढून ठेवा आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात घट्ट अडकवा.

फीडरच्या दाराला इंटरलॉक असतो, हँडल ऑन असताना दार उघडत नाही, जोर लावला तर फीडर ट्रिप होऊन लाईन बंद पडते. हँडलवर इंटरलॉक सोडवायचा छोटा स्क्रू असतो, तो कुठे आहे हे माहीत असलेल्या माणसानेच ते करावं. मागची बसबार चेंबरची बोल्टवाली कव्हरं लोडवर काढायला माझा स्पष्ट विरोध आहे, एक बोल्ट किंवा वॉशर आत पडला तर संपलं. तिथे पुढच्या शटडाऊनला इन्फ्रारेड विंडो बसवून घ्या, इन्फ्रारेड आरपार जाईल अशा खास मटेरियलची खिडकी असते, कायमची सोय होते. एचटी (हाय टेन्शन, इथे २२ केव्ही) पॅनेलच्या बाबतीत तर विंडोशिवाय पर्यायच धरू नका. महावितरणचा मीटरिंग क्युबिकल सील केलेला असतो, त्याला हात लावायचा नाही, बाहेरून बॉडी आणि केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली पकड) जेवढं दिसेल तेवढं बघा, वेगळं काही दिसलं तर त्यांना लेखी कळवा.

प्रत्यक्ष स्कॅन

दार उघडायच्या आधी बंद दार स्कॅन करा. आत मोठा हॉटस्पॉट असेल तर पत्र्यावरच त्याचा फिकट डाग दिसतो आणि त्या दाराजवळ जास्त सांभाळून जाता येतं. दार उघडलं की गरम हवा निघून जाते आणि सगळं हळूहळू गार व्हायला लागतं, म्हणून पहिल्या दोन-तीन मिनिटांत महत्त्वाचे फोटो घ्या.

ऑटो स्केल बंद करा. ऑटोवर कॅमेरा समोरच्या सगळ्यात गरम वस्तूला पांढरा-लाल आणि सगळ्यात गार वस्तूला निळा करतो, मग फरक दोनच डिग्रीचा का असेना, दिसायला आग लागल्यासारखं दिसतं. स्केल हाताने लावा, उदाहरणार्थ ३० ते ८० डिग्री, आणि सगळ्या पॅनेलला तोच ठेवा. असं केलं की जे खरंच तापलंय तेच डोळ्यात भरतं.

अगदी समोर काटकोनात उभे राहू नका, थोडं तिरकं उभे राहा, नाहीतर चकचकीत भागात तुमच्याच अंगाचं प्रतिबिंब गरम डाग म्हणून दिसतं. शंका आली की एक पाऊल बाजूला सरका, डाग तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब, जागेवर राहिला तर खरा.

इनकमरपासून (पॅनेलमध्ये सप्लाय येतो तो मुख्य ब्रेकर) सुरुवात करून करंट जसा जातो तसं जा: इनकमरचे वरचे टर्मिनल, खालचे टर्मिनल, बसबारचे जॉइंट, प्रत्येक फीडरचं आतलं आणि बाहेरचं टोक, केबल लग, ग्लँड, न्यूट्रल, अर्थ. न्यूट्रल विसरू नका, सिंगल फेज यूपीएस, एलईडी लाईट जिथे जास्त तिथे तिसऱ्या हार्मोनिकमुळे (५० च्या तिप्पट, १५० हर्ट्झच्या करंटमुळे) न्यूट्रल फेजइतका किंवा जास्तही तापलेला मिळतो. प्रत्येक ठिकाणी आर, वाय, बी या तिन्ही फेज एकाच फोटोत येतील असं बघा. आणि हॉटस्पॉट दिसला की दार बंद करायच्या आधी टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट मोजून तिथेच लिहा, फोटोचा नंबर, टॅग, वेळ, भोवतालचं तापमान, आणि एक साधा फोटो. नंतर लिहू म्हटलं की चाळीस फीडरमध्ये कोणता फोटो कुठला हे समजत नाही.

दिसलं ते काय आहे

गरमी कुठून सुरू होते आणि कशी कमी होत जाते ते बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे. जॉइंटवर सगळ्यात गरम आणि केबलवरून लांब जाताना गार गार होत जातं तर लूज कनेक्शन, खराब क्रिम्पिंग, गंज किंवा तांब्याच्या टर्मिनलवर थेट ॲल्युमिनियमचा लग. केबल पूर्ण लांबीभर सारखीच गरम तर ओव्हरलोड किंवा केबल साईज लहान, तिथे पान्हा फिरवून काही होणार नाही. एकच फेज गरम आणि त्यातच करंट जास्त तर अनबॅलन्स. करंट सारखा आणि एकच टर्मिनल गरम तर मात्र बहुतेक जॉइंट, नाहीतर ब्रेकरच्या आतला कॉन्टॅक्ट.

सिंगल कोअर केबली लोखंडी ग्लँड प्लेटमधून वेगवेगळ्या भोकांतून गेल्या असतील तर प्लेटच तापते, तिच्यात एडी करंट (केबलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे करंट) फिरतात. लोक लग टाईट करत बसतात आणि प्लेट तशीच तापत राहते. उपाय ॲल्युमिनियमची प्लेट.

गार वस्तूही फॉल्ट असू शकते. एपीएफसी पॅनेलमध्ये स्टेज (कपॅसिटरचा एक गट) ऑन आहे आणि कपॅसिटर शेजारच्यांपेक्षा गार, तर फ्यूज गेलाय किंवा कपॅसिटर मेलाय. ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरची एखादीच फिन गार म्हणजे त्यातून तेल फिरत नाही, व्हॉल्व्ह बंद आहे किंवा तेलाची पातळी खाली गेलीय. उलट काँटॅक्टरची कॉइल, ओव्हरलोड रिले, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, चोक, व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) हीटसिंक हे सगळे गरमच असतात, त्यांना शेजारच्या तशाच वस्तूशी ताडून बघा.

एचटी बाजूला नियम बदलतो. १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला २२ केव्हीच्या बाजूला फुल लोडला जेमतेम २६ अँपिअर येतात आणि ४३३ व्होल्टच्या बाजूला १३३३. म्हणून एचटीच्या क्लॅम्पवर चार-पाच डिग्री जास्त दिसले तरी ते हलकं घेऊ नका, एवढ्याशा करंटने तेवढं तापायला रेझिस्टन्स खूप वाढलेला असावा लागतो. लायटनिंग अरेस्टरमध्ये (वीज पडली तर यंत्रणा वाचवणारं उपकरण) तर शेजारच्या फेजपेक्षा दोन-तीन डिग्रीचा फरकही गंभीर धरतात, लगेच लीकेज करंट तपासून घ्या.

शेडवर सोलर असेल तर वेळ बरोबर उलटी, स्वच्छ उन्हात, ६०० वॅट प्रति चौरस मीटरच्या वर ऊन असताना. कनेक्टर आणि कंबाइनर बॉक्स आधी बघा, दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवलेले असतात तिथे हमखास गरमी सापडते.

आकड्यांवरून निर्णय

अमेरिकेतल्या नेटा या टेस्टिंग संस्थेचा तक्ता जगभर वापरतात. सारख्या लोडवरच्या सारख्या वस्तूंमध्ये फरक १ ते ३ डिग्री तर लक्ष ठेवा, ४ ते १५ तर बहुतेक दोष आहे आणि वेळ मिळताच दुरुस्ती, १५ च्या वर तर ताबडतोब. भोवतालच्या हवेशी तुलना केली तर ४० डिग्रीच्या वरची वाढ ताबडतोबमध्ये जाते. तक्ता चांगला आहे, पण तो त्या वेळच्या लोडवरचा फरक बघतो, आणि इथेच टाँग टेस्टरचा आकडा कामाला येतो.

एक हिशोब करून बघू. इनकमरवर २४० अँपिअर, तिन्ही फेजला जवळपास सारखे. पॅनेलची हवा ३४ डिग्री. आर ४६, वाय ४७, बी ६४. फरक १७-१८ डिग्री, तक्त्याप्रमाणे ताबडतोब, पण प्रॉडक्शनवाला म्हणणार ६४ च तर आहे, चालू दे दिवाळीपर्यंत. आता या कंपनीचा महिन्याचा सर्वात जास्त लोड ४२० अँपिअर आहे. करंट १.७५ पट. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, पण तापलेली वस्तू हवेत जास्त उष्णता सोडते म्हणून प्रत्यक्ष तापमानवाढीसाठी करंटचा घात १.६ ते २ च्या मध्ये धरतात, म्हणजे इथे अंदाजे २.४५ ते ३ पट. बी फेजची आजची वाढ ३० डिग्री, ती होईल ७३ ते ९२. त्यात ३४ मिळवा, १०७ ते १२६ डिग्री! पीव्हीसी इन्सुलेशनच्या केबलची मर्यादा ७० आहे, एक्सएलपीई इन्सुलेशनच्या केबलची ९०. हा कागद पुढे ठेवलात की शटडाऊन मिळतं, नुसता लाल फोटो दाखवून मिळत नाही.

दुरुस्ती आणि परत स्कॅन

बंद करा, लॉक लावा, सप्लाय नाही हे तपासा, अर्थ करा, आणि जॉइंट पूर्ण उघडा. नुसता पान्हा मारणं ही दुरुस्ती नाही. एकदा तापलेल्या जॉइंटच्या आतल्या पृष्ठभागावर काळा थर बसलेला असतो, स्प्रिंग वॉशरचा ताण गेलेला असतो, ॲल्युमिनियमचा लग दबून पसरलेला असतो, आणि तो अजून आवळला तर अजूनच पसरतो. पृष्ठभाग साफ करा, चांदीचा मुलामा असेल तर पॉलिश पेपर घासू नका, ॲल्युमिनियमला जॉइंट कंपाऊंड लावा, लग रंग बदललेला असेल तर कापून नवा क्रिम्प करा, वॉशर नवे, आणि टॉर्क रेंचने पॅनेल कंपनीच्या चार्टप्रमाणे आवळून बोल्टवर मार्करने रेघ मारा. केबलचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलं असेल तर तेवढा तुकडा काढायलाच हवा.

मग पुन्हा लोडवर स्कॅन, त्याच जागेवरून, त्याच सेटिंगला, होता होईल तो तितक्याच अँपिअरला, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावा. फरक दोन-तीन डिग्रीवर आला तर तो पॉइंट बंद करा. जॉइंट नीट करूनही टर्मिनल तेवढाच गरम राहिला तर गरमी आतून येतेय, एमसीसीबीचा कॉन्टॅक्ट गेलाय किंवा एसीबीच्या (मोठ्या एअर ब्रेकरच्या) जॉ कॉन्टॅक्टचा (बसबारला चिमट्यासारखा धरणारा भाग) दाब कमी झालाय, तेव्हा ब्रेकर बाहेर काढून मिलिव्होल्ट ड्रॉप किंवा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मोजून घ्या आणि तिन्ही पोलचे आकडे शेजारी शेजारी लिहा, जो पोल वेगळा निघेल तो बदलायचा. नवा ब्रेकर बसवल्यावर पुढच्या लोडच्या दिवशी त्याचाही एक फोटो अँपिअरसकट फाईलला लावून ठेवा, पुढच्या वर्षीची तुलना त्याच्याशीच होणार आहे.